जाळीतली वेणी

३ ऑक्टोबर
आलो बाई एकदाच्या रोमला! मी आणि माझी नऊ वर्षांची निवेस. खाली जुन्या वस्तूंचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. जिना उतरला की कामावर. मालक ओरेस्ते अखंड बडबडे, पण मोकळे वाटले. निवेसला साय भरलेला गोड पाव दिला आणि म्हणाले, तुझी आई आता राण्यांच्या डोक्यांना हात लावणार! माझं काम म्हणजे जुन्या रोमन बायकांचे केसांतले दागिने साफ करायचे. हाडाच्या सुया, चांदीचे काटे. एका सुईच्या टोकावर तर एवढीशी बाई कोरलेली, आणि तिचाही केवढा मोठा अंबाडा! मी एकटीच हसत बसले.

६ ऑक्टोबर
सकाळी एक माणूस गोणपाटात गुंडाळलेली डबी ठेवून गेला. आत अंबाड्यावर घालायची सोन्याच्या तारेची जाळी, लहान मुलीच्या मापाची. तिच्यात केस होते. तपकिरी, वेणी घातलेले. इतक्या शतकांत ती वेणी सुटली नव्हती. आईनेच घातली असणार, शेवटची.

मालक म्हणाले, काढून टाका. केस दिसले की गिऱ्हाइकाला थडगं आठवतं, थडगं आठवलं की पोलीस. गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणे, ही जाळी एका जुन्या घराण्याच्या कपाटातली आहे! मी म्हटलं, निदान पुरू तरी. ते हसले, म्हणाले, अहो बाई, आता केसांनाही पाद्री बोलवू का?

मी चिमट्याने ओढले. बेसिनमध्ये टाकून नळ सोडला. नवी नोकरी, नाही म्हणायची हिंमत झाली नाही. जेवण गेलं नाही मला.

८ ऑक्टोबर
निवेस शाळेतून आली ती वेगळीच वेणी घालून. बारीक, डोक्याभोवती गुंडाळलेली. कोणी घातली विचारलं तर म्हणाली, एका मुलीने. बिचारीला स्वतःचे केसच नाहीत.

९ ऑक्टोबर
निवेसच्या उशीवर काळ्या केसांचा पुंजका. कानामागे टक्कल. डॉक्टर म्हणाले, नवी शाळा, पोरं मनाला लावून घेतात. मी म्हटलं, हो, तसंच असेल. लाज कशी वाटली नाही मला!

११ ऑक्टोबर
मालकांचे पाय धरायचे बाकी ठेवले. जाळी परत पुरू या म्हटलं. म्हणाले, वेड लागलंय का? गिऱ्हाईक ठरलंय.
मग मी माझी वेणी कापली. जाळीत भरली. म्हटलं, बाळा, माझे घे. चूक माझी आहे, माझ्या लेकीची नाही गं.

१२ ऑक्टोबर
माझे केस बेसिनमध्ये. जाळी रिकामी.
निवेसचं अर्धं डोकं उघडं पडलंय — रडतही नाही ती. मलाच समजावते. आई, तिला मोठ्या बाईचे नकोत म्हणते.

१३ ऑक्टोबर
जाळी दुकानाच्या कपाटात नाही —
मालक मला चोर म्हणाले. म्हणू देत. आहेच मी —

१४ ऑक्टोबर
भर दुपार. निवेस आरशापुढे. डोक्यावर जाळी, गच्च भरलेली. केस तपकिरी —
हाक मारली. तिने परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.
विचारलं, माझी पोर कुठे आहे? म्हणाली, माझ्या जागी. अंधार असतो, पण सवय होते.
पाठ करून बसलीय. वेणी घाल म्हणते. घट्ट. शेवटपर्यंत सुटायची नाही अशी. नाही घातली तर निवेसला तिथेच ठेवीन म्हणते —
घालतेय गं, घालते —