डिसेंबरातली ट्राउट

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळी ९.४०
ग्रुपवर प्रदीपचा फोटो. हिमाचलातली नदी, दोन्ही काठांना बर्फ, हातात ट्राउट, बगलेत ह्यांचा गळाचा रॉड. खाली लिहिलंय, ‘सरांच्या आठवणीत.’ माशाचं पोट टम्म. मादी, अंड्यांनी भरलेली. डिसेंबरात! हिवाळाभर तिथं गळ टाकायला बंदी, हे ह्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलेला माणूस. वर एकवीस अंगठे.
ह्यांच्यामागे रॉड मीच दिला. दाराआड उभा बघवत नव्हता.

१४ डिसें.
फोन केला.
“वहिनी, आम्हा मस्कतवाल्यांना सुट्टी डिसेंबरातच मिळते ना.”
“मग नदीने तुझ्या रजेचा अर्ज बघून वागायचं?”
हसला. मासा परत सोडलास का, विचारलं.
“हॅलो? हॅलो? वहिनी, रेंज...”
बारा वर्षं इथं मस्कतलाच, रुसैलच्या कारखान्यात ह्यांच्या हाताखाली होता. तेव्हाही चूक झाली की ह्याचा फोन बिघडायचा.

१५ डिसें.
नात म्हणाली, “आजी, इट्स जस्ट अ फिश ना. तू रडते कशाला?”
“रडतेस,” म्हटलं. “आणि रडत नाहीये.”

१६ डिसें.
एकदाच आम्ही दोघं हिवाळ्यात त्या नदीवर गेलो होतो, रॉड न घेता. पाणी घोट्याएवढं, नितळ. तळाच्या खडीत मध्येच स्वच्छ, फिक्या चकत्या. मी पाय टाकणार तर ह्यांनी दंड धरला. “अंडी आहेत तिथं. कुणी निजलंय असं समज.” दोन तास काठावर बसलो. नाक गळत होतं, चहा निवला. एवढा वेळ माझा हात ह्यांनी कधी धरला नव्हता. मार्चमध्ये हॉस्पिटलात मी धरला, तेव्हा...

१८ डिसें., गुरुवार
प्रदीप मस्कतला परतला. रॉड आमच्या वॉचमनकडे ठेवून गेला. वर यायची हिंमत नाही. गळ दुकानातला, उलट्या काट्याचा. हे तो काटा पक्कडीने दाबून सपाट करत, मासा इजा न होता सुटावा म्हणून. मुठीला एक खवला चिकटलेला. पुसला नाही.
जावयाच्या हाती अल खौदला त्याच्या घरी पत्र धाडलं. नक्कल:

‘चि. प्रदीप,
माफी नको. श्रद्धांजली तर मुळीच नको. ती मादी जिवंत पाण्यात परत गेली का? रॉड माझ्या हातून गेला, म्हणून मला कळायला हवं. फोनवर नाही, कागदावर, सहीनिशी. शनिवार, २० डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत. नाही असेल तर नाही लिही. पण लिही.’