फर्म्यावरून फर्मा

अप्पा,

माझ्या हातानं केलेलं आधी सांगतो. चार कप्प्यांचं लाकडी हृदय, झडपा सायकलच्या ट्यूबच्या. पाणी भरलेल्या बल्बचं भिंग बसवलेला डोळा. तुमच्या शिलाई मशीनच्या पायट्यावर चालणारा छोटा लेथ, ज्याच्यावर बाकी सगळं केलं. आणि यंदा एका हायस्कुलासाठी केलेला डीएनएचा जिना. उंची तीन फूट, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, पीळ उजवा, एका वेढ्याला दहा पायऱ्या, वेढे दोन. बाजारच्या मॉडेलात मी दोन्ही पट्ट्या एकाच दिशेला गेलेल्या पाहिल्यात. माझ्यात एक वर जाते, एक खाली येते, बाण कोरलेत. ए समोर टी, मधे दोन खिळे. जी समोर सी, मधे तीन. नववी नापास माणसानं नातीची पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचून केलंय हे. कुठं बोट ठेवायला जागा न्हाई, एक भोक सोडून. ते दोन मिलिमीटर सरकलंय, आणि कशानं सरकलं ते मला अजून कळलेलं नाही.

नात म्हणजे माझी पोरगी. तुम्ही तिला पाहिलं नाही. बसवकल्याणला कॉलेजात बारावीला आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी जिन्याची भोकं पाडत होतो आणि ती पाटावर बसून वहीतली अक्षरं वाचून दाखवत होती, कोणत्या पायरीवर कोणता रंग ते. मधेच थांबून म्हणाली, "पप्पा, सी ए जी, सी ए जी असं लावा की लाईनीनं. बाईंनी एक आजार सांगितलाय. एका ठिकाणी हीच तीन अक्षरं लई येळा येतात. चाळीसच्या वर गेली की माणूस सुटत न्हाई. चाळिशीत हातपाय आपोआप उडायलेत, चालताना झोकांड्या. लोकांना वाटतंय पिऊन आलाय."

मी ड्रिल चालूच ठेवलं होतं.

"आन् बापाकडनं आलं तर पोराच्यात ती लाईन आनखी वाढती म्हणं."

"कामून?"

"ते न्हाई सांगितलं. तुमाला काय परीक्षा द्यायची हाय व्हय?" ती हसली. भोक तेव्हाच सरकलं.

कामून ते मला ठाऊक होतं, अप्पा. मन्नाएखेळ्ळीच्या तुमच्या शिलाईच्या दुकानात शाळेच्या सदऱ्याचा, कापड बेतायचा पुठ्ठ्याचा फर्मा खिळ्याला टांगलेला असायचा. झिजला की त्याच्यावरून तुम्ही दुसरा काढायचात. कडेच्या बाहेरून खडूची रेघ, रेघेच्या बाहेरून कात्री. पुढच्या वेळी त्या दुसऱ्यावरून तिसरा. मूळचा जपून ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण तुम्ही फर्म्यावरून फर्मा काढत गेलात आणि दर खेपेला बाही रेघेएवढी वाढत गेली. एका वर्षी शाळा उघडली तेव्हा एक पालक सदरा नाचवत आला. "मास्तर, सकाळीच लावली का? पोरगं हाय का वांदर? बाह्या गुडघ्याला लागायल्यात!" दुकानासमोरची सगळी माणसं हसली, कारण तेव्हा तुमचा खांदा उडायला लागला होता. चूक खडूच्या रेघेची होती, दोष तुमच्या हाताला लागला. शरीरातही एका पेशीच्या दोन होतात तेव्हा जिना चेनसारखा मधून उघडतो, आणि प्रत्येक अर्ध्यावर नवा अर्धा बेतला जातो. बहुतेक सगळीकडे अचूक. पण एकसारखे टाके ओळीनं आले की मोजणाऱ्याचं बोट घसरतं. फर्मा कपाटात राहतो, त्याची चिठ्ठी बाहेर जाते, आणि चिठ्ठीत लिहिलंय तेवढं लांब शिवलं जातं. शिवणारा विचारत नाही.

त्याच दुपारी तुम्ही खाटेवर झोपला होतात. झोपेत तुमचे हात अगदी शांत असायचे, हे फक्त आईला आणि मला माहीत. मी चौदा वर्षांचा. वाकलो आणि तुमच्या तोंडाचा वास घेतला. तुम्ही डोळे उघडलेत.

"आला वास?"

"न्हाई."

"मग पुन्यांदा घे. नीट घे. आन् जाऊन समद्यांला सांग."

मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, बाप कशानं गेला, घरात काही आजार? काका खोटंच म्हणाला, हायवेला लॉरीनं उडवलं. मी मान डोलावली. बायकोला आजही तुमची लॉरीच माहीत आहे. पोरीलाही.

आता मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. रोज सकाळी काठोकाठ भरलेला कप घेऊन शहाबादी फरशीच्या सांध्यावरून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालतो. बायको म्हणते, "ही काय सर्कस करायलाव?" मी म्हणतो, तोल बघायलोय, मॉडेलसाठी. सांडलं नाही तर तेवढा दिवस माझा. तुमच्याकडून मला आलं असेल किंवा नसेल, अर्धं-अर्धं. मला असेल तर पोरीला पुन्हा अर्धं-अर्धं, आणि कदाचित लवकर. हैदराबादला रक्त तपासतात. दोनदा बसस्टँडपर्यंत गेलो आणि दोनदा घरी दाखवायला सुतळी विकत घेऊन परत आलो. त्या आजाराचं नाव मला नीट लिहिता येतं, पण या कागदावर लिहीत नाही. पोरगी परवा म्हणाली, "पप्पा, आजोबाला लॉरीनं उडवलं तर त्यांच्या एकाबी फोटूत हात कामून दिसत न्हाईत?" तिला म्हणालो, तेव्हाचे फोटोवाले तसेच. हे पत्र खरं तर तिच्या हातात द्यायला पाहिजे. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलटून विचारणार नाही.

अजून एक. गेल्या महिन्यात कोळारच्या एका कारखान्याचा मॅनेजर तो जिना शाळेत बघून घरी आला. म्हणाला, साचे करायच्या खात्यात सुपरवायझर व्हा, नोकरी कायमची, घरच्यांच्या दवाखान्याच्या खर्चासकट. मी म्हणालो, "साहेब, मी कुणाच्या हाताखाली काम करत न्हाई." गल्लीत हे वाक्य अजून सांगतात, मीही सांगू देतो. खरं एवढंच की कामावर घेण्याआधी त्यांचा डॉक्टर दोन्ही हात समोर धरायला लावतो, बोटं पसरून, मिनिटभर. महिना अडतीस हजार देत होते, अप्पा.