डावीकडचं दिसतंय मला

३ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यांतलं प्रेशर वाढलंय, काचबिंदूची सुरुवात आहे. थेंबांच्या आधी लेझर करून टाकू. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. विचार करतो म्हटलं. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, मला काचबिंदू? यांचं मशीनच तपासायला हवं.

४ जानेवारी
लेझर नको. थेंबच घेणार. थेंबांना शिस्त लागते, ती माझ्याकडे भरपूर आहे. बायकोला योग्य वेळी सांगेन.

१९ फेब्रुवारी
थेंब संपायला हवे होते, बाटली अर्धी आहे. म्हणजे मी काटकसरीने वापरतोय. आजचा गालावर पडला. आत गेलाच असेल थोडा.

८ मे, दुपार
डॉक्टरीणबाईंचा फोन. तपासणी चुकली, लेझरचं काय ठरलं? सुट्ट्यांत शिकणाऱ्यांची गर्दी असते, पावसाळ्यात बघू म्हटलं. पावसाळ्यात कोण गाडी शिकतं!

२ ऑगस्ट
डावीकडून सायकलवाला उगवला. हल्ली सायकलींचा काही नेम नाही. निवृत्त मुख्याध्यापिका शिकत होत्या, त्यांनीच ब्रेक दाबला. "शाबास, मुद्दाम बोललो नाही, तुमची परीक्षा घेत होतो," म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पेपर कोरा दिलेल्या मुलाकडे बघावं तशा.

३ ऑगस्ट
मुख्याध्यापिकांनी क्लास बदलला. जाताना बायकोला भेटून गेल्या. कशाला, कोण जाणे.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
कळलं कशाला. बायकोने कपाट उघडलं, थेंबांची बाटली सापडली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?" योग्य वेळ येत नव्हती म्हटलं. उत्तर मलाही पटलं नाही. तरी दोनदा दिलं.

११ ऑगस्ट
लेझर झालं. भिंगासारखं काहीतरी डोळ्यावर टेकवलं, हिरवे ठिपके चमकले, बास. याला मी एवढा घाबरलो? घाबरलो नव्हतो, वेळ नव्हता.

डावीकडचं कधीपासून दिसायला लागेल, असं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायची. आणि गाडी शिकवणं आता बंद." जानेवारीत केलं असतं तर, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. बहुतेक राहिली असती, एवढं मलाही कळतं.

बाहेर येऊन बायकोला शोधत होतो. माझ्या डाव्या हाताशीच उभी होती. तिने माझं कोपर धरलं तेव्हा समजलं.