चिठ्ठीवरची दुसरी ओळ

२७ सप्टेंबर, शनिवार

अर्ज टाकला एकदाचा. मतदार यादीतलं नाव गावाहून इकडं कुंभकोणमला हलवायचा. अण्णानंच भरून दिला, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, स्टुलावर बसून.

विचारलं, तिकडचं नाव जाईल आणि इकडं येणारच नाही, असं झालं तर? अण्णा चष्मा पुसत म्हणाला, "इकडें येईल आणि टिकेल. नव्वद. शंभरांतले उरले दहा. दहांस भिऊन घरीं बसणारा मनुष्य तूं नव्हे." नव्वदची चिठ्ठी लिहून डब्यात टाकली त्यानं.

अण्णाचं मराठी असंच. त्याची माणसं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजाबरोबर आली आणि भाषा तिथंच थांबली. पहिल्या दिवशी मला वाटलं चेष्टा करतोय.

मामाला सांगितलं. हातातली सांडशी खाली ठेवली त्यानं. "गावातलं नाव काढतंय का कोण? यडा झालास का बाळ्या? पंचायतीला एकेक मत ट्रॅव्हल्स लावून नेत्यात." मामा वीस वर्षं इथं सोनं-चांदी गाळतोय, पण मत द्यायला अजून आटपाडीकडं जातो. आमचे सगळेच गलाईवाले तसेच. पोट इकडं, नाव तिकडं. बदलणारा मी पहिला.

पण दोन वर्षं ज्या शहराच्या राजकारणावर रोज भांडतो तिथं आपलं मत नको? हे वाक्य अण्णाचं आहे खरं तर.

११ ऑक्टो., शनि.

डब्याचा दिवस. कॉफी पावडरचा जुना पत्र्याचा डबा, अण्णाच्या टेबलाखाली. नियम चार. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा. शंभरातले किती, ते. तारीख, सही. आणि एकदा टाकली की खाडाखोड नाही. वर शून्य आणि शंभर लिहायची बंदी. "शंभर लिहिणारा पुढें कांहीं शिकत नाहीं," अण्णा म्हणतो.

आज चार उघडल्या. जुन्यांचा वॉर्डातला माणूस बदलणार, मी ७० म्हटलेलं, बदलला. कालव्याला पाणी वेळेवर, मी ९०, आलं नाही. अण्णा ५५. तो हसला नाही, हे मला आवडतं. फक्त म्हणाला, "नव्वद कोठून आणलेंस?" कुठून आणलं? एका माणसानं बसमध्ये सांगितलं म्हणून. "मग नव्वद त्याचे. तुझे किती होते?"

दहावीनंतर शाळा सुटली माझी. सहा मास्तर झाले असतील, एकानंही असं विचारलं नाही.

(जुने म्हणजे अण्णाचा पक्ष, तो त्यांचा बूथवरचा माणूस. नवे म्हणजे नवे. नावं इथं लिहीत नाही, मामा वही उचकतो.)

२५ ऑक्टो., शनि.

वाईट दिवस. मामानं तिरुविडैमरुदूरला पाठवलं, एका सोनाराकडं नमुना द्यायचा होता. रेल्वेनं गेलो. देवळात थोडं टेकू म्हणून आत शिरलो, तिथली दगडी ओवरी एवढी लांब की चालतच राहिलो, मग एक म्हातारे गृहस्थ भेटले, ते हत्तीबद्दल सांगत बसले. सोनार दुकान बंद करून जेवायला गेला. नमुना तसाच परत.

मामा: "तुझं बूड कुठंच टिकायचं नाही. कोइमतुरात टिकलं नाही, नागपट्टणात नाही. इथलं पण बघतोय मी."

तसाच अण्णाकडं. तो म्हणाला, आज तुजवरच प्रश्न घालूं. "पुढल्या वर्षीं याच दिवशीं बाळू कुंभकोणमांत असेल काय?" मी रागात होतो. ३० लिहिलं. मग खाली अजून एक ओळ लिहिली, कारण खोटं वाटलं: "आज मामाशी भांडण झालंय, उद्या विचारलं तर सत्तर म्हणेन." अण्णानं वाचलं. "ही ओळ नियमांत नाहीं," म्हणाला, "पण उत्तम आहे. आपल्या आकड्यावर संशय घेणें हीच विद्या." डब्यात टाकली.

त्या हत्तीचं नाव विचारायचं राहिलं.

१५ नोव्हें., शनि.

जोरात वाद. कॉफीच्या दुकानात, उभ्यानं. विषय तोच, इथला कोण, बाहेरचा कोण. जुन्यांनी पत्रकं वाटलीत, बाहेरची माणसं येतात, यादीत घुसतात, मतं देतात, निघून जातात.

मी म्हटलं, अण्णा, हे माझ्याबद्दलच आहे. "तुजबद्दल नव्हे. तूं आपला." आपला म्हणजे कुणाचा? मराठी म्हणून आपला, का इथला म्हणून? त्यावर तो कॉफी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत ओतत राहिला. निवून गेली तरी.

मी पेटलेलो. म्हणून टाकलं, मी मत नव्यांना देणार. किती? "पंच्याऐंशी."

काउंटरवरचा अण्णाला तमिळमध्ये म्हणाला, राव, तुमचा शिष्य पळाला. सगळे हसले. अण्णापण. पण कॉफी तशीच टाकून गेला. आज डबा नाही उघडला.

२० डिसें., शनि.

कच्ची यादी लागली. नाव आहे! तमिळ अक्षरात माझं नाव, मला ते वाचायला पाच मिनिटं लागली. बोट ठेवून फोटो काढला.

दादाला पाठवला. गावाकडून त्याचा फोन: "इथल्या यादीतनं उडालास. परवा चावडीत चुलता म्हणाला, बाळ्या आता आपला नाही. मी गप बसलो." दादाचा आवाज बरा नव्हता. मी म्हटलं, अरे, इथं आहे ना मी. तो म्हणाला, असशील.

अण्णाला दाखवलं. नव्वदची चिठ्ठी उघडू म्हटलं. तो म्हणाला, कच्ची आहे, पक्की लागूं दे, मग उघडूं. मला वाटलं, केवढा काटेकोर माणूस.

६ जाने., मंगळ.

नोटीस. माझ्या नावावर हरकत घेतली आहे. "येथील कायमचा रहिवासी नाही." तालुका कचेरीत २२ तारखेला सुनावणी. हरकत घेणाऱ्याचं नाव कुणा तरी परक्याचं. कधी बघितला नाही तो माणूस.

मामानं वाचून घडी घातली. "आता?" एवढंच.

तिकडून गेलो. इकडून पण गेलो तर मग देशात आहे कुठं मी? कागदावर म्हणतोय.

७ जाने.

कचेरीत गेलो. कारकून बरा माणूस, दाढी वाढलेली, खोकत होता. म्हणाला पुरावा जोडलाय, बघा. कागद माझ्यापुढं सरकवला.

झेरॉक्स. माझी चिठ्ठी. माझं अक्षर, माझी सही, २५ ऑक्टोबर. पुढल्या वर्षी कुंभकोणमात असेल काय, ३०. खाली तमिळमध्ये भाषांतर.

कारकून: "ही हिंदी ना?"
"मराठी."
"एकच ना?"
"नाही."
"तुम्हीच लिहिलंय?"
लिहिलंय.

माझ्या चिठ्ठीवर दोन ओळी आहेत. तमिळ भाषांतर एकाच ओळीचं. "उद्या विचारलं तर सत्तर म्हणेन", ते झेरॉक्समध्ये आहे. तमिळमध्ये नाही.

म्हटलं, साहेब, खाली अजून एक ओळ आहे. तो म्हणाला, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण लिहिणाराही तुम्हीच, वाचणाराही तुम्हीच, हे कसं चालेल. मामाचं नाव सांगितलं. नातेवाईक चालत नाही. दुसरं कोण वाचतं ही भाषा, वॉर्डात? म्हणजे अडाणी नको, सही करणारा हवा. त्यानं स्वतःच रजिस्टर काढून शोधलं. मग खूश होऊन म्हणाला, आहेत की, झेरॉक्सवाले राव. त्यांनाच बोलावतो.

मी नोटीस घडी घालून खिशात घातली.

८ जाने.

अण्णानं शिकवलं तसं करून बघितलं. नोटिशीच्या आधी, अण्णा माझ्याविरुद्ध काही करेल? २ म्हटलं असतं. तेही नियमासाठी, शून्य चालत नाही म्हणून. आता, डबा त्याच्या टेबलाखाली. चिठ्ठी मी आणि तो, दोघांनीच बघितली. देवनागरी वाचून तमिळ लिहिणारा वॉर्डात तोच. झेरॉक्स मशीन त्याचं. ९९. शंभर लिहायची बंदी आहे म्हणून ९९.

दुकानासमोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा बसस्टँडवर गेलो आणि जी बस उभी होती तीत बसलो. इन्नंबूरची होती. काही काम नव्हतं. भाताला कणसं धरलेली. एका बाईनं विचारलं, कुठला तू? मी म्हटलं, बघतोय.

नव्वद म्हणाला तेव्हा खरंच म्हणाला असेल. उरलेले दहा म्हणजे तोच होता, एवढं फक्त सांगितलं नाही.

१० जाने., शनि.

गेलो. गिऱ्हाईक होतं, शाळेचे दाखले. थांबलो. मग विचारलं.

नाकारलं नाही. तेवढं तरी.

"यादी खरी असावी. तूंच तीस म्हणालास. मी तुझा आकडा घेतला, माझा नव्हे."
"आणि दुसरी ओळ?"
त्यानं मशीनचं बटण दाबलं.
"अण्णा, दुसरी ओळ."
"ती नियमांत नव्हती."
"उत्तम आहे म्हणाला होतास."

मशीन चालू ठेवलं त्यानं, कोरे कागद येत राहिले. मग हळू म्हणाला, "तीनशें वर्षें झालीं बाळू. अजूनि पक्षाच्या सभेंत म्हणतात, राव, तुम्ही कोठले? नांवें मागितलीं त्यांनी. बाहेरच्यांची. प्रत्येकानें पांच. मी दिलीं नसतीं तर पहिलें नांव माझेंच…"

मी म्हटलं, मला सोडून चार द्यायची होती. "चारच मिळालीं," म्हणाला.

डबा मागितला. दिला. दोन्ही हातांनी, प्रसाद देतात तसा. सगळ्या चिठ्ठ्या होत्या. माझी तीसची पण. घडी माझी नव्हती, दुसऱ्या हातानं घातलेली.

१६ जाने.

अण्णाच्या बायकोनं, वहिनींनी, पोंगलच्या सणाचा जेवणाचा डबा पाठवला. त्यांना माहीत नसेल. किंवा असेल. खाल्ला. राग आहे, भूकही आहे.

मामा विचारतो, राव येत नाही हल्ली? मी सांगितलं सगळं. वाटलं, शिव्या घालेल, आधी मला, मग त्याला. मुशीतलं बघत होता. मग: "चिठ्ठीवर लिहून कशाला द्यायचं रं, मनातलं?"

लिहिलं कारण वाटलं, खरं लिहिलेलं खऱ्याच कामाला येतं. मामाला हे बोललो नाही.

१९ जाने., सोम.

दादा म्हणतो, ये परत, तिकडं अर्ज टाकू, चुलत्याचे पाय धरू. सोपं आहे. गाडीत बसायचं. पण मग तीसवालीच ओळ खरी होते. मीच अण्णाला बरोबर ठरवल्यासारखं होईल.

राहिलो तर ते हट्टानं का मनानं? दोन वर्षांत पहिल्यांदा कळत नाही. आधी तरी कुठं कळत होतं, पण आधी कुणी विचारलं नव्हतं.

अण्णाला म्हणायचं का, दुसरी ओळ वाच म्हणून? दोनदा दुकानापर्यंत जाऊन आलो. विनंती केली तर तो माझ्यासाठी वाचेल. मला ते नकोय. लिहिलंय म्हणून वाचावं.

२२ जाने., गुरु.

सकाळ. सुनावणी अकराला. मामानं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, स्वतःचा. मला सैल होतो. "पोरा, उलट बोलू नको तिथं. आणि कुठं वाटेत शिरू नको, हत्तीबित्ती बघायला." मी येतो म्हणाला, मग म्हणाला नको, नातेवाईक.

काल संध्याकाळी अण्णा दिसला होता, भजनाला निघालेला, हातात चिपळ्या. रस्त्याच्या त्या बाजूला. त्यानं हात वर केला का चष्मा सारखा केला, सांगता येत नाही. मी मान हलवली. का हलवली माहीत नाही.

त्यानं दुसरी ओळ वाचली तर पक्षाच्या लोकांसमोर वाचावी लागेल. तेही येणार आहेत. मग त्याला विचारतीलच, राव, तुम्ही कोठले. नाही वाचली तर मी जातो. अधिकाऱ्यानं मला विचारलं की इथं राहणार का, तर काय सांगणार? हो म्हणणार. किती, असं तिथं कुणी विचारत नाही.

डबा घेतलाय, पिशवीत. निघण्याआधी नवी चिठ्ठी लिहिली. अण्णा दुसरी ओळ वाचेल काय. तारीख, सही. आकडा घातला. घालताना हात अडला, खोडायची बंदी आहे म्हणून एकदाच लिहिला. घडी घालून आत टाकली, झाकण दाबलं.

किती लिहिलं ते या वहीत लिहीत नाही. निघतो.