उलटी जोडलेली बॅटरी

आबा, तुमच्या धुळ्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातली एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, आणि तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं आईपासूनही लपवली. परवा चोपड्याला एका केळीच्या शेतात ती अशी वर आली की लिहिल्याशिवाय चैन पडेना.

मी जळगावात काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा आधी ते सांगते. ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी-मिटणारी छोटी यंत्रं बनवते. मी आणि चार बायका, भाड्याच्या दोन खोल्या. यंत्र बॅटरीवर चालतं आणि त्याच्या पोटात बॅटरीचे व्होल्ट हवे तेवढेच पुढे सोडणारा एक रेग्युलेटर असतो. तुमच्या वेळच्या तीन पायांच्या रेग्युलेटरला तुम्ही खादाड म्हणायचात, कारण पाच व्होल्ट द्यायला त्याला सात-साडेसात लागायचे आणि वरच्याची तो नुसती ऊब करायचा. आताचा तांदळाच्या चार दाण्यांएवढा आहे, बॅटरी पाचाच्या जराशी वर असली तरी त्याला पुरतं. ती त्याहून उतरली तरी हट्ट धरत नाही, आहे त्यातलं जमेल तेवढं पुढे देतो. काम नसलं की झोपतो, आणि झोपेत जवळजवळ काहीच खात नाही. तारा एकमेकींना चिकटल्या तर हात आखडता घेतो. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन पत्र्याच्या डबीत शिरलं आणि तो फार तापला, की आपण होऊन बंद पडतो, निवला की परत कामाला लागतो. आमच्या बायकांनी पहिल्या उन्हाळ्यात असे धडधाकट कितीतरी बदलून टाकले होते, मेले समजून! पण मला त्याचा आवडणारा गुण निराळाच. बॅटरी उलटी जोडली तरी तो जळत नाही. असा रेग्युलेटर जरा महाग पडतो, म्हणून बायका म्हणतात, ताई, साधा घेऊ की. मी ऐकत नाही, आणि का ऐकत नाही ते सांगतही नाही.

मी नववीत होते. टेम्पोवर भोंगा लावून गावोगाव भांडी विकणारे एक भाऊ त्यांचा अँप्लिफायर न्यायला येणार होते. तुम्ही तो सकाळीच दुरुस्त करून बॅटरीला जोडून ठेवला होता. फक्त बटण दाबायचं बाकी होतं, कारण दुरुस्त झालेली वस्तू गिऱ्हाइकानेच आपल्या हाताने सुरू करायची, हा तुमचा नेम. तुम्ही चहाला गेलात. टेबलावर ॲसिडचे डाग दिसले म्हणून मी बॅटरीचे चिमटे काढले, टेबल लख्ख पुसलं आणि चिमटे परत लावले. दोन्ही चिमटे काळे होते. लाल कधीचाच तुटून त्याच्या जागी दुसरा काळाच आला होता, आणि कोणता कुठला हे फक्त तुम्हाला माहीत होतं. मी विचारायला हवं होतं. पण दीडशहाणी मी, मला वाटलं, मला येतं. तुम्ही आलात, भाऊ आले, त्यांनी बटण दाबलं आणि धूर निघाला.

तुम्ही उलट्या लागलेल्या चिमट्यांकडे पाहिलंत, डोळे चोळून पुन्हा पाहिलंत. "माझीच नजर चुकली, भाऊ," म्हणालात आणि दुकानातला आपला स्वतःचा अँप्लिफायर त्यांच्या हातात ठेवलात. मी फडकं घेऊन तिथेच उभी होते. म्हटलं, भाऊ गेले की सांगू. मग म्हटलं, जेवताना सांगू. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रेडिओचं बारीक काम घेणं बंद केलंत, "आता नीट दिसत नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागलात, आणि दुकानात नुसत्या इस्त्र्या आणि पंखे येऊ लागले. त्यानंतर तोंड उघडायची हिंमतच झाली नाही. तुम्ही रागवाल याची भीती नव्हती आबा, रागावणार नाही याची होती. बारीक कामात तुमचा जीव रमायचा, आणि गप्प राहून मी ते तुमच्या हातातून काढून घेतलं. याची मला लाज वाटते.

परवा चोपड्याला यंत्रं बसवायला गेले, तर शेताचे मालक, म्हातारे नाना, यांनी कुणाची वाट न बघता बॅटरी जोडली, आणि उलटी जोडली. त्यांचा मुलगा चार मजुरांदेखत त्यांच्यावर खेकसला, यापुढे कशाला हात लावू नका म्हणाला. नानांनी हात मागे घेतले आणि मला हळूच विचारलं, "ताई, जळी गयं का हाई?"

मी म्हटलं, "काही जळलं नाही, नाना. तुम्हीच सोडवा आणि तुम्हीच फिरवून लावा."

त्यांनी लावली. हिरवा दिवा लागला, व्हॉल्व्ह टक्कन उघडला. नाना मुलाला म्हणाले, "देखं का रे?" आणि पुढच्या यंत्राकडे आपणच निघाले. तीही बॅटरी त्यांनीच जोडली, या खेपेला सुलटी. मुलगा हसू दाबत बाजूला झाला. मी मात्र परतीच्या बसमध्ये जळगाव येईपर्यंत रडत होते.

आज सकाळी आई भरताची वांगी भाजत होती. तिथेच उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. तिने वांगं फिरवलं, मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. आणि एकदम म्हणाली, "तरीच व माय! चष्मा लावा का बठ्ठं धुरकट दिसस, आसं रोज म्हनेत त्या!"

चष्मा लावला की सगळं धुरकट दिसतं, ही तुमची रोजची तक्रार. त्या धुराच्या प्रसंगानंतर तिनेच तुम्हाला बाजारात ओढत नेऊन चष्मा करून दिला होता, आणि तिचं मन मोडू नये म्हणून तुम्ही तो शेवटपर्यंत लावलात. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली, हसता हसता रडली, मग मीही. आता धुळ्याला जाऊन सगळ्या जुन्या शेजारणींना सांगणार आहे म्हणते, आणि मला बरोबर नेणार आहे.

मी जाईन. पण हा कागद कुणाला दाखवणार नाही. तुमचे डोळे चांगले होते, आबा. चष्मा माझ्यामुळे लागला.