एका शब्दाची दुरुस्ती आणि उरलेली मिळकत

मी, श्रीमती प्रभा विश्वास चौबळ, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार मयूर विहार फेज एक, दिल्ली, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाखाली किंवा भुलवण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे या कागदावर लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकुलती एक मुलगी होती, सगळे तिलाच गेले असते. कागदाची गरज नव्हती.

शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि दाखल्यावर माझे नाव 'परभा' असे लिहिले. मी ते दुरुस्त करून घेतले. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस असते. डोके शाबूत आहे.

माझा वकील अनिश याने हे आधी इंग्रजीत दीड पानात करून आणले होते. अनिश पहाडगंजच्या मराठी शाळेत माझ्या वर्गात होता, अजून मला 'बाई' म्हणतो. मी म्हटले, मराठीत लिहीन आणि माझ्या हाताने लिहीन. तो म्हणाला, "चालेल बाई, बिल्कुल चालेल, पण शॉर्टमध्ये हां. विलमध्ये स्टोरी नसते." माझ्या असणार आहे. वाचणाऱ्याने जरा धीर धरावा.

१. वारसांबद्दल. माझे पती विश्वास २०११ साली हृदयविकाराने वारले. मुलगी मृणाल, वय सव्वीस, हिचा दि. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मानेसर येथे खून झाला. लोक माझ्यासमोर 'गेली', 'तिचं असं झालं' असले गुळमुळीत शब्द वापरतात. मी वापरत नाही.

मृणाल एम.ए. झाली, नेटची परीक्षा पास झाली आणि कॉलेजात शिकवायचे सोडून मानेसरला कामगार संघटनेचे काम करायला लागली. मी दोन वर्षे तिच्याशी धड बोलले नाही. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ठेक्यावरच्या एक्केचाळीस बायकांना एका दिवसात काढून टाकले होते. कारण काय, तर कामाच्या एका पाळीत दोनदा बाथरूमला जाऊ द्या, एवढे त्या म्हणाल्या. "आई, मागणी ऐकलीस का? बाथरूम!" असे म्हणून मृणाल माझ्या ओट्याशी उभी राहून पोट धरून हसली होती, आणि हसता हसता रडायला लागली. मी म्हटले, "तू कशाला त्यात पडतेस?" हे वाक्य माझे आहे. ते माझ्या नावावरच राहावे.

त्या दिवशी दुपारी पाळी सुटल्यावर ती शेअर ऑटोच्या थांब्यावर संपाची पत्रके वाटत होती. कंपनीच्या बसेस निघून गेल्या तशी एक गाडी येऊन थांबली आणि चौघे उतरले. हातात लोखंडी सळया होत्या. बायकांना कामावरून काढणारा ठेकेदार पुढच्या सीटवर बसला होता. त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "जल्दी करो." त्याचे नाव मी माझ्या मृत्युपत्रात लिहिणार नाही, कोर्टाच्या कागदांत आहे. तो म्हणतो, मी त्या दिवशी रेवाडीला लग्नात होतो.

थांब्यावर तीसेक माणसे होती. त्यांतली एकच साक्ष द्यायला तयार झाली. देविका. ही त्या एक्केचाळीस जणींपैकी एक, पॅकिंगला होती, मूळची गढवालकडची. तिने ठेकेदाराला पाहिले आणि त्याचा आवाज ऐकला.

२. आता माझी सगळ्यात मोठी मिळकत. ती म्हणजे माझी चूक.

फिर्याद मी दिली. ठाण्यात टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत मृणालची एक चप्पल ठेवली होती आणि मी तिच्याकडे बघत होते. लिहून घेणाऱ्या मुन्शीने विचारले, "ठेकेदार से क्या बात थी?" मी म्हणाले, "ठेकेदार का मेरी बेटी पर बहुत राग था."

बेचाळीस वर्षे दिल्लीत काढली. भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी हिंदीत भांडते आणि जिंकते. 'गुस्सा' हा शब्द मला येत नाही असे नाही हो! पण त्या वेळी तोंडात मराठीच आली. शाळेत एखादे पोर "बाई, मला गुस्सा आला" म्हणाले की मी वर्ग थांबवत असे. "गुस्सा नाही. राग. म्हण, राग आला." मृणालला तर घरात 'गुस्सा' म्हणायची बंदीच होती. चार वर्षांची असताना ती पाय आपटून ओरडायची, "आई, मला राग आला, राग!" आणि मी आपली कौतुकाने बघत राहायची.

हिंदीत राग म्हणजे ओढ, प्रेम. मुन्शीने शेजारच्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "राग माने अनुराग. लगाव, यार." हे माझ्या कानावरून गेले, डोक्यात शिरले नाही. कागदावर उतरले ते असे: 'ठेकेदार को मेरी बेटी से बहुत लगाव था.' आणि खाली माझी सही आहे. एकतीस वर्षे पोरांच्या वह्या तपासल्या, कोणाची वेलांटी सोडली नाही. हा एक कागद मी न वाचता सही केला.

दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरात आले, 'एकतरफा प्यार में युवती की हत्या'. आठवड्याने सगळीकडे तेच. त्या बायका गेल्या, संप गेला, बाथरूम गेले. राहिले काय, तर एक पोरगी आणि तिचे प्रकरण. जामिनाच्या वेळी त्याच्या वकिलाने माझेच वाक्य वाचून दाखवले. म्हणाला, खुद्द आई सांगते आहे की माझ्या अशिलाला मुलीबद्दल प्रेम होते, मग तो तिला का मारेल? त्याला जामीन मिळाला. पोरीने जिवावर उदार होऊन केलेले काम तिच्या आईने एका शब्दात पुसून टाकले. मला रोज सकाळी उठल्यावर पहिले हेच आठवते.

दुरुस्तीचे दोन अर्ज दिले. उत्तर मिळाले, "माताजी, कोर्ट में बोल देना." माझ्या साक्षीची तारीख चारदा पुढे गेली. आता नवी तारीख १८ फेब्रुवारी २०२६ मिळाली आहे. डॉक्टर फेब्रुवारीबद्दल काही बोलत नाहीत, "देखते हैं" म्हणतात. म्हणून इथे लिहिते:

मी, फिर्यादी प्रभा चौबळ, सांगते की फिर्यादीतला 'लगाव' हा शब्द माझा नाही. मी 'राग' म्हणाले, मराठीतला राग. म्हणजे गुस्सा, रंजिश, दुश्मनी. ठेकेदाराला माझ्या मुलीबद्दल प्रेम नव्हते. हातपाय तोडून टाकीन, अशी धमकी त्याने तिला दोनदा फोनवर दिली होती आणि हे तिने मला घरी येऊन सांगितले होते. तिचा खून तिच्या कामासाठी झाला.

अनिश म्हणतो, "बाई, विल म्हणजे एव्हिडन्स नाही होत. जज मानेलच असं नाही." न मानू दे. चूक दिसली की ती खोडायची आणि वर बरोबर शब्द लिहायचा, एवढेच मी जन्मभर शिकवले. मार्क देणारे देतील.

३. राहता फ्लॅट, भांड्याकुंड्यांसह, माझी पुतणी अवनी हिला द्यावा. ती गुडगावात नोकरी करते. शवागाराबाहेर सहा तास माझ्याबरोबर ती एकटी उभी होती, ऑफिसचे कार्ड गळ्यात तसेच. अट एकच. खटला संपेपर्यंत दर तारखेला मृणालच्या घरचे कोणीतरी कोर्टात बसलेले दिसले पाहिजे. अवनी म्हणते, "काकू, डोन्ट वरी, मी मॅनेज करते." मॅनेज नको, बाळा. स्वतः जा.

४. माझे दीर श्री. बाळ चौबळ, पुणे, हे अवनीचे वडील. तेराव्याला, पानावर बसल्या बसल्या, ते मला म्हणाले, "वहिनी, असं काही होतं तर वेळेवर लग्न उरकून टाकायचं ना." त्यांना माझा मराठी-हिंदी शब्दकोश द्यावा. 'र'च्या पानात खूण घालून ठेवली आहे. दुसरे काही देऊ नये. हे कलम त्यांना चारचौघांत वाचून दाखवावे.

५. इथल्या मराठी मंडळाच्या शुद्धलेखन स्पर्धेची ढाल माझ्याकडे आहे, ती परत करावी. मृणालनंतर एकदाच मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्यांच्या मराठी दिनाला गेले. कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "कोणाच्या नादी लागली होती कोण जाणे." सगळ्या चांगल्या घरच्या बायका, माझ्या ओळखीच्या. घरी येऊन मी पोळ्या केल्या, दोघींच्या झाल्या, आणि मग बसून राहिले.

६. मृणालचा हातातला माईक आणि पत्रकांचा गठ्ठा कोर्टाच्या ताब्यात आहे. सुटल्यावर माईक तिच्या संघटनेला द्यावा. बॅटरी बदलून वापरावा, हार घालून टांगू नये. पोलिसांनी मला परत दिलेली ती एक चप्पल अवनीला. तिचे काय करायचे ते मला दोन वर्षांत कळलेले नाही, तिला कळले तर पाहावे.

बँकेत जे निघेल ते खटल्याच्या खर्चाला. अनिशने त्यातून आपली फी घ्यावी, उगाच लाजू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करायची आहे.

७. शेवटचे देविकाबद्दल.

खून झाल्यावर ती पाच रविवार माझ्याकडे आली. दोन ऑटो आणि मेट्रो करून यायची. मृणालचे मला ठाऊक नसलेले किती सांगायची! मृणाल गेटवर बायकांना म्हणे, "मेरी आई को मत बताना, वो बहुत स्ट्रिक्ट है." बायकांनी तिला मडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, भाकरी करायला शिकवले होते आणि तिच्या जाड व्हायच्या. मी कान देऊन ऐकायचे, पुन्हा सांगायला लावायचे. ती जेवून निघाली की घरात दोन दिवस कोणीतरी असल्यासारखे वाटायचे. ती मला 'मैडम जी' म्हणायची. पाचव्या रविवारी निघताना 'आई जी' म्हणाली.

त्याच आठवड्यात अनिशने सांगितले, "बाई, प्लीज, तिला भेटू नका. ती मेन विटनेस आहे. समोरचा म्हणेल, शिकवून आणलीय, पैसे देऊन आणलीय." सहाव्या रविवारी ती आली तेव्हा मी साखळी न काढता फटीतून म्हणाले, "देविका, अब यहाँ मत आना." ती "जी" म्हणाली आणि जिना उतरली. कारण तिने विचारले नाही.

त्यानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात दिसते. ती एका टोकाला बसते, मी दुसऱ्या. गेल्या जानेवारीत ती पातळ ओढणीत कुडकुडत होती. मृणालचे लोकरी जॅकेट माझ्या पिशवीत होते. घरून निघताना मीच घेतले होते. चार तास ते मांडीवर घेऊन बसले आणि परत आणले.

तिची साक्ष माझ्यानंतर आहे. आज मी तिला एक वाटी जरी लिहून दिली, तरी उद्या पिंजऱ्यात तिला विचारतील की हे कशाबद्दल मिळाले. तिचा शब्द बाटेल. मृणालसाठी उभा असलेला तेवढा एकच शब्द आहे.

सबब देविका हिला माझ्या स्थावर-जंगम मिळकतीतून काहीही देऊ नये. घरातली कोणतीही वस्तू, कपडा, फोटो, आठवण म्हणूनसुद्धा नाही. मी मेल्याचा निरोपही तिला आमच्या घरातून जाऊ नये. तिचे माझ्याशी काहीही नाते नाही, असे मी पूर्ण शुद्धीवर लिहून देते.

स्थळ: दिल्ली
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

(सही) प्रभा विश्वास चौबळ

श्रीमती चौबळ यांनी हा कागद आमच्या देखत मोठ्याने वाचला आणि प्रत्येक पानावर सही केली. त्यानंतर त्यांच्या देखत आम्ही सह्या करत आहोत. यात आम्हा दोघांना काही मिळायचे नाही.

साक्षीदार १: (सही) राघव टिळेकर, शेजारी, दुसरा मजला
साक्षीदार २: (सही) मयुरा फर्नांडिस, शेजारी, तळमजला