प्लॉयचे कागद

११ मार्च २००६, प्लेनो

आलं! बँकॉकहून पाकीट आलं! सूनबाई मालीने कात्रीची वाट पाहिली नाही, दातानेच फाडलं. आत तिच्या लेकीचा, प्लॉयचा, जन्मदाखला. अक्षरं काय सुरेख! गोल गोल, डोक्यावर चिमुकल्या मात्रा — ओल्या शेवया खाटेवर वाळत घातल्यासारखी. यात कुठेतरी ‘प्लॉय’ लिहिलेलं असेल म्हणून बोट फिरवत बसले. माली हळूच म्हणाली, “आई, उलटा धरलाय.”

हसलो दोघी, पोट धरून.

माझ्या लेकाने, देवांगने, समजावलं. नुसता दाखला इथे चालत नाही. तिथल्या तिथे इंग्रजीत भाषांतर, त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग व्हिसा, मग पोर घरी. कंपनीने देवांगला बँकॉकला धाडलं, तिथे त्याला माली भेटली. माली इथे आली आणि तिची पोर राहिली खेड्यात, आजीपाशी. सहा वर्षांची आहे. फोनवर वाढतेय बिचारी.

माझं रक्त नाही, मला ठाऊक आहे. पण माया काय सातबारा बघून लागते?

वरच्या खोलीला पिवळा पडदा करीन. त्या खिडकीतून नुसता हायवे दिसतो.

२ एप्रिल

शिक्का नाही मिळाला! त्यांच्याकडे साल बुद्धापासून मोजतात. भाषांतरवाल्याने ते तसंच ठेवलं — जन्म २५४३! म्हणजे आमची प्लॉय अजून पाचशे वर्षांनी जन्मायची आहे. देवांग बँकॉकच्या एजंटवर भडकला. “एवढं बेसिक चेक करता येत नाही यार?” मी म्हटलं, अरे, आपलं शक मागून चालतं, त्यांचं साल पुढून. वाटेत गाठ पडल्याशी कारण.

पण दुपारभर तेच डोळ्यांपुढे. अजून न जन्मलेली एक पोर पाण्याने भरलेल्या खाचरांच्या बांधावरून चालत येतेय. तिला काही घाई नाही. पाय भिजलेत.

२३ एप्रिल

शिक्का बसला! त्यांच्या सरकारी कागदांच्या माथ्यावर गरुड असतो. आपलाच, विष्णूचा. मी हळूच हात जोडले. म्हटलं, पाठीवर बसवून आण रे बाबा तिला.

१४ मे

व्हिसाचं बघणारा इथला वकील म्हणाला, एकच कागद उरला. पोर जिच्याकडे राहते, त्या आजीची संमती. तालुक्याच्या कचेरीत जायचं, अधिकाऱ्यापुढे बोलायचं, तो लिहून घेणार, खाली सही. आईच्या आईला ते ‘याय’ म्हणतात. मी यायआजी म्हणते.

“एका दिवसाचं काम आहे, आई,” देवांग.

पडदा शिवून झाला.

१८ जून

यायआजी कचेरीत गेली नाही. भातलावणी आहे म्हणे. खरंच आहे! आमच्या गावी, वेल्ह्याला, आम्ही लावणीत बाळाचं बारसं पुढे ढकलायचो. लावणी टाकून कोण कचेरीत जाईल?

१६ जुलै

गेली नाही. आता त्यांचा चातुर्मास लागला. भिक्खू पावसाळाभर एका जागी राहतात, यायआजी रोज विहारात डबा नेते.

२९ जुलै

गेली नाही. रस्त्यावर पाणी.

शेजारची शुभा आली होती, नागपूरची. “काकू, हे ऑफिसवाले सगळीकडे सारखेच जी! एजंट बदला.” देवांगनेही तेच ठरवलंय. माली भांडी घासत होती, घासलेलंच पुन्हा घासत होती.

मला मात्र कळलंय. कचेरी अडवत नाहीये. पाऊसही नाही. यायआजी अडवतेय. मी तिच्या जागी असते तर? गुडघे धरून बसले असते. ‘आज जरा बरं नाही’ म्हणत वर्ष काढलं असतं!

कुणाला बोलले नाही. पिवळ्या पडद्यातून ऊन आलं होतं, तिथे नुसती बसले.

६ ऑगस्ट

इथे सकाळचा चहा, तिथे दिवेलागण. मालीला म्हटलं, मला दे गं फोन. तिने दिला.

मी मराठीत बोलले. पडद्याचं सांगितलं, उशी मऊ आहे सांगितलं, तुमचं मन मला कळतं म्हटलं. पलीकडून तिनेही सांगितलं कायबाय, लांबच लांब, भरल्या आवाजात. मला ‘प्लॉय’ एवढंच कळलं. तिलाही तेवढंच कळलं असेल. मागे बेडूक ओरडत होते. अगदी वेल्ह्यासारखे!

फोन ठेवल्यावर माली म्हणाली, “याय विचारते, तुझी सासू रडत का होती?”

२७ ऑगस्ट

यायआजी जाऊन आली. आपण होऊन.

कागद भाषांतर होऊन, शिक्का घेऊन आलाय. देवांगने मला मराठीत सांगितला. वर गरुड, खाली त्या बाईचा अंगठा. मधे असं —

मुलीला तिच्या आईकडे पाठवण्यास माझी हरकत नाही. तिला चिकट भात हाताने खायची सवय आहे, चमचा देऊ नये. वीज कडाडली की ती खाटेखाली जाते, तिला ओढून काढू नये, आपण खाली जाऊन बसावं. बुधवारी केस कापू नयेत. खोटं बोलली की कान खाजवते, लगेच रागावू नये.

म्हातारी सांगत गेली, अधिकारी लिहीत गेला! भाषांतरवाल्यानेही एक शब्द गाळला नाही, सालावरून बोलणी खाल्लेली ना! आणि सरकारने शिक्का मारून दिलं — हे सर्व खरं आहे.

‘खाली जाऊन बसावं’पाशी देवांग पाणी प्यायला उठला. माली तो कागद मागायला आली आणि तशीच परत गेली.

१० सप्टेंबर

चिकट भात जमला. बांबूच्या टोपलीत वाफवतात. वाफेत स्वयंपाकघर दिसेनासं झालं, आणि वाटलं, वाफ विरली की ओट्यापाशी कुणीतरी उभं असेल. कान खाजवत.

२९ सप्टेंबर

बँकॉकला अमेरिकन वकिलातीत प्लॉयची मुलाखत झाली. एजंटचा फोन. कागद सगळे बरोबर, एकही खोट नाही. मग साहेबाने सहज प्लॉयला विचारलं, तुझी आई कुठे आहे? पोरीने मागे वळून यायआजीचा हात धरला. “ही.” त्याने हसून पुन्हा विचारलं. पुन्हा “ही.”

व्हिसा दिला. कागद खरेच होते.

माली वरच्या खोलीत गेली आणि पिवळा पडदा ओढून घेतला.

१ ऑक्टोबर

आज चहाला माली म्हणाली, “प्लॉयचं तिकीट नको. माझं काढा. मी तिथे राहते, ती मला ओळखेपर्यंत.”

मी देवांगला म्हटलं, दोन काढ, मीही जाते.